रिपीट करण्याआधी एक झाकण उघडून बघा

नीटचा निकाल लागला की पुढचे पंधरा-वीस दिवस माझ्या फोनला उसंत नसते. प्रश्न एकच, फक्त गाव बदलतं. अहमदपूर, उदगीर, मुखेड, देगलूर, औसा, कंधार. "सर, लेकराचे थोडक्यात हुकले. अजून एक वर्ष रिपीट करू द्यावं का?" बारावीचा निकाल आणि अभियांत्रिकी प्रवेशाचे कॅप राउंड यांच्या मधल्या दिवसांत दुसरा प्रश्न येतो: "सर, कॉम्प्युटर नाही मिळालं तर काय करायचं? बाकी ब्रँचला काही स्कोप आहे का?" वर्षानुवर्षं या दोन प्रश्नांपलीकडे कुणी फारसं काही विचारत नाही.

यंदा अहमदपूर तालुक्यातलं एक कुटुंब आलं होतं. मुलाचं दोनदा रिपीट झालेलं. वडील बोलत होते, आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत गप्प बसली होती. ज्याच्या आयुष्याचा हिशेब चालला होता तो माझ्या टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत होता. उघडायचं, लावायचं. पुन्हा उघडायचं.

मी त्याला विचारलं, "बाळा, झाकण काढलं तरी हे खालचं कडं बाटलीच्या गळ्यातच का राहतं?"

"सील तुटलं ते कळावं म्हणून, सर."

"बरोबर. पण कडं आधी तुटेल आणि बाटली नंतर उघडेल, उलटं होणार नाही, हे कुणी कसं ठरवलं असेल?"

पोरगं एकदम सरळ बसलं. बाटली डोळ्यांजवळ नेऊन त्यानं कड्याच्या वरच्या बाजूचे तुटलेले बारीक दात बघितले, नखानं चाचपले. वडील म्हणाले, "सर, आपण नीटचं बोलत होतो ना?"

मीही त्याचंच बोलत होतो. त्या दिवशी अर्ध्या तासात जे सांगता आलं नाही ते इथे लिहितो.

आधी रिपीटचं. २०२४ साली नीटसाठी सुमारे २४ लाख मुलांनी नोंदणी केली. त्या वर्षी देशभरात एमबीबीएसच्या सरकारी आणि खासगी मिळून जागा लाखाच्या थोड्या वर. हा हिशेब चौथीतलं पोरही करेल. पहिल्या रिपीटला माझा विरोध नाही. परीक्षेच्या काळात आजारपण आलं, घरात कुणी गेलं, गुण अगदी काठावर राहिले, तर एक वर्ष द्यावं. दुसऱ्या रिपीटला मी "नको" म्हणतो. तिसऱ्याला मुलाच्या बाजूने उभा राहून भांडतो. तिसऱ्या वर्षी मुलगा नवं काही शिकत नाही. तीच पुस्तकं, तेच प्रश्न, तीच रूम, फक्त सोबतचे मित्र पुढे निघून गेलेले.

लातूर पॅटर्नबद्दल मला मनापासून आदर आहे. राजर्षी शाहू आणि दयानंदसारख्या महाविद्यालयांनी कोरडवाहू शेतकऱ्याच्या, शिक्षकाच्या, हमालाच्या मुलांना गुणवत्ता यादीत नेलं, डॉक्टर केलं. पुण्या-मुंबईची मक्तेदारी मोडली. तो अभ्यासाचा पॅटर्न होता. आज लातूरच्या ट्यूशन एरियात आणि नांदेडच्या आयटीआय चौकाच्या आजूबाजूला जे चाललंय, त्यात अभ्यासापेक्षा भीती जास्त विकली जाते. आणि ज्या आयटीआयवरून त्या चौकाला नाव पडलं, तिच्या फाटकातून आत एकदा तरी डोकावलेला क्लासचा मुलगा मला अजून भेटलेला नाही.

कॉम्प्युटरवाल्यांसाठी थोडक्यात. ज्याला प्रोग्रामिंगची खरी ओढ आहे त्यानं जावं. ज्याला फक्त ब्रँचचं नाव हवंय, त्यानं लांबच्या कुठल्या तरी कॉलेजात मॅनेजमेंट कोट्यातून एआय घेण्यापेक्षा विष्णुपुरीच्या श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेत प्रॉडक्शन किंवा केमिकल घ्यावं. यावर याहून जास्त शाई घालवायची माझी तयारी नाही.

आता झाकणाकडे येतो.

आपल्या भागात जुन्या घरांत देव्हाऱ्याजवळ तांब्याचा एक छोटा गडू असायचा. आजोबा-आजी काशीला जाऊन आले की गंगा घेऊन यायचे, मावंदं व्हायचं, आणि तो गडू पुढे वीस-वीस वर्षं तसाच बंद राहायचा. त्याच्या तोंडाला झाकण बसवून डाग देऊन टाकलेला असायचा. उघडायचा तर डाग फोडावाच लागे, आणि एकदा फोडला की पुन्हा तसाच बसवणं घरच्या कुणाच्या हातचं काम नसे. म्हणून शेवटच्या घटकेला तोंडात घातलेलं पाणी काशीचंच आहे, याची सगळ्यांना खात्री असायची. ज्याला आज पॅकेजिंगवाले छेडछाड उघड करणारं झाकण म्हणतात ते हेच. द्रवपदार्थ, बंद भांडं, आणि कुणी हात लावला तर लपणार नाही अशी खूण.

इथे एक शब्द नीट समजून घ्यायला हवा. बाजारात सगळे 'टॅम्पर-प्रूफ' म्हणतात, म्हणजे कुणाला उघडताच येणार नाही असं. असं झाकण जगात नाही. वेळ, हत्यार आणि हेतू असला की काहीही उघडतं. या धंद्यातली जाणती माणसं 'टॅम्पर-एव्हिडंट' म्हणतात: उघडता येईल, पण उघडल्याचं लपवता येणार नाही. विद्यार्थ्याला हा फरक पहिल्या दिवशी कळला तर तो पुढे योग्य प्रश्न विचारायला लागतो.

याचं मोल नीटच्या मुलांइतकं कुणाला कळणार? २०२४ चा पेपर हजारीबागच्या एका केंद्रावर पेटी हत्यारांनी उघडून बाहेर काढला गेला, असं सीबीआयच्या तपासात पुढे आलं. त्याच वर्षी जूनमध्ये नीटच्या गैरव्यवहाराबद्दल लातूरमध्येही गुन्हा दाखल झाला होता. हजारीबाग आणि पाटण्यात पेपर फुटला हे सर्वोच्च न्यायालयानं मान्य केलं, परीक्षा मात्र रद्द केली नाही. पेटीला कुलूप होतंच. पण कुलूप मजबूत असणं वेगळं आणि मधे कुणी हात घातला हे लगेच दिसणं वेगळं. लाखो मुलांचं वर्ष त्या फरकावर टांगलं होतं.

औषधांच्या बाबतीत हा धडा जगाला १९८२ च्या सप्टेंबरअखेर मिळाला. अमेरिकेत शिकागोच्या आसपास कुणीतरी दुकानातल्या टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या बाटल्या उघडून कॅप्सूलमध्ये सायनाइड भरलं आणि बाटल्या परत फळीवर ठेवल्या. सात माणसं गेली. बाटली आधी उघडली गेली होती हे कळायला त्यांच्याकडे काहीच खूण नव्हती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिथल्या सरकारनं दुकानात चिठ्ठीशिवाय विकल्या जाणाऱ्या औषधांना छेडछाड दिसेल असं आवरण सक्तीचं केलं. आज औषधाच्या बाटलीवर कडं, फॉइल आणि 'सील तुटले असल्यास घेऊ नये' ही ओळ आपल्याला सहज दिसते. तिची मुळं त्या सात मरणांत आहेत.

आपल्याकडे तेलाचं असंच झालं. १९९८ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचं तेल मिसळलं गेलं आणि जलोदरासारख्या सुजेनं साठहून अधिक माणसं दगावली. सप्टेंबरमध्ये केंद्र सरकारनं खाद्यतेल पॅक करूनच विकावं असा आदेश काढला. लातूरच्या सोयाबीन तेलाच्या गिरण्यांतून निघणारा पाच लिटरचा कॅन, एक लिटरचं पाउच, पंधरा किलोचा डबा, या सगळ्यांच्या तोंडाशी त्या आदेशाचा धागा आहे. एकदा वापरलेला पत्र्याचा डबा पुन्हा तेलासाठी वापरायला कायद्यानं बंदी आहे. का, ते उघड आहे. जुन्या डब्यावर नवं बूच बसलं की गिऱ्हाइकाला काही कळत नाही.

आणि टँकर. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ पानेवाडीच्या परिसरात अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना इंधन चोरून भेसळ करणाऱ्या टोळीनं जिवंत जाळलं. मुलांना मी ही घटना मुद्दाम सांगतो. डेपोतून निघालेला टँकर पंपावर पोचेपर्यंत मधे कुठे थांबला, कुणी झडप उघडली, हे टँकरनंच सांगितलं तर एका अधिकाऱ्याला ढाब्यावर उतरून ते शोधावं लागणार नाही. झाकणाची रचना करणारा माणूस कुणाच्या तरी जिवाचं रक्षण करत असतो, आणि हे मी अतिशयोक्ती म्हणून लिहीत नाही.

आता त्या बाटलीतल्या कड्याचं गणित बघू. झाकण आणि कडं एकाच साच्यातून निघतात. दोघांना जोडणारे प्लास्टिकचे बारीक धागे असतात, त्यांना ब्रिज म्हणतात. कारखान्यात मशीन झाकण बसवते तेव्हा कडं बाटलीच्या गळ्यावरच्या उंचवट्यावरून घसरून खाली अडकलं पाहिजे, आणि त्या झटक्यात एकही ब्रिज तुटता कामा नये. घरी तुम्ही फिरवलं की मात्र ते सगळे तुटले पाहिजेत, आणि आतलं सील सैल होण्याआधी. क्रम उलटा झाला तर कडं शाबूत ठेवून आत काहीही घालता येईल. शिवाय सांधेदुखी असलेल्या आजीच्या हातालाही ते उघडलं पाहिजे, आणि मे महिन्यात त्रेचाळीस अंशांत लातूरहून नांदेडला निघालेल्या टेम्पोत ते गळताही कामा नये. प्लास्टिक साच्यात थंड होताना आकसतं. झाकणांना वापरतात ते एचडीपीई साधारण दीड ते तीन टक्के. म्हणजे साचाच त्या हिशेबानं मोठा कापायचा. एका साच्यात ७२ झाकणं एका वेळी निघत असली आणि त्यातल्या एका खाचेतला ब्रिज केसाएवढा जाड पडला, तर प्रत्येक ७२ मागे एक झाकण हट्टी निघणार. तक्रार लोहा तालुक्यातल्या कुठल्या तरी हॉटेलातून येणार आणि दोष शोधायचा पार साचाघरात.

ज्या मुलाला कोडी सोडवायला आवडतं त्याला यात किती खाद्य आहे बघा.

खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं ॲल्युमिनियमचं झाकण आणखी मजेचं. ते बाटलीवर ठेवतात तेव्हा त्याला आटेच नसतात. मशीनची चाकं बाहेरून दाबत फिरतात आणि बाटलीच्याच आट्यांवर झाकणाचे आटे घडवतात. शिंप्यानं माप घेऊन अंगावरच कापड शिवावं तसं.

मग फॉइल. कीटकनाशक, तेल, मध, यांच्या बाटलीचं झाकण काढलं की तोंडाला चिकटलेली चांदीसारखी चकती दिसते. ती चिकटवायला कुणी इस्त्री लावत नाही. झाकण आधीच घट्ट बसवलेलं असतं, बाटली एका कॉइलखालून सरकते, बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे फॉइलमध्ये भोवरा प्रवाह तयार होतात, फॉइल तापते, तिच्या खालचा प्लास्टिकचा पातळ थर वितळतो आणि बाटलीच्या ओठाला धरतो. स्पर्श न करता, झाकणाच्या आत. बारावीच्या भौतिकशास्त्रातलं विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. त्या धड्यावरचे शेकडो बहुपर्यायी प्रश्न सोडवलेली मुलं माझ्यासमोर बसतात. मी फॉइल दाखवून विचारतो, ही कशी चिकटली? "गोंदानं, सर." फॅराडेचा नियम त्यांना पाठ असतो. तो घरातल्या फवारणीच्या बाटलीत राहतो हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

माळेगावच्या यात्रेत गोटी सोडा प्यालेल्या प्रत्येकानं एक उत्कृष्ट झाकण हाताळलेलं आहे. हिरम कॉड नावाच्या इंग्रज माणसानं १८७० च्या दशकात ती बाटली काढली. गॅसचा दाब आतून गोटीला रबरी कड्यावर रेटतो आणि बाटली स्वतःच स्वतःला बंद करते. आज महागड्या दारूच्या बाटल्यांच्या तोंडात बसवतात त्या झडपेतही अनेकदा गोटीच असते, पण तिचं काम वेगळं. माल बाहेर येऊ द्यायचा, आत जाऊ द्यायचा नाही, म्हणजे भंगारातून रिकामी बाटली उचलून नकली माल भरता येणार नाही. ग्वाला नावाची इटालियन कंपनी अशा झाकणांसाठी ओळखली जाते, तिचं काम गोव्यातही चालतं. ज्या कुटुंबांना आपल्या मुलानं दारूच्या बाटलीशी संबंध ठेवू नये असं वाटतं त्यांच्याशी मी वाद घालत नाही. तसंच संरक्षण औषधाला आणि कीटकनाशकालाही हवं असतं.

आमच्या भागात या विषयाची खरी शाळा म्हणजे वीस लिटरचा जार. २०१६ च्या दुष्काळात, एप्रिलमध्ये, मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. पहिल्या गाडीत दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यानंतर पाणी विकत घेणं ही आमची सवयच झाली. जारच्या तोंडावर झाकण असतं, त्याला ओढायची पट्टी असते, कधी वरून आकसलेलं प्लास्टिक असतं. दिसायला सगळं सीलबंद. पण तीच कोरी झाकणं पोत्यानं विकत मिळतात. ज्याच्याकडे नळ आणि पोतं आहे तो सीलबंद पाणी तयार करू शकतो. म्हणजे झाकणाची रचना निर्दोष असूनही सील निरर्थक. रचनाकाराला इथे प्लास्टिकच्या पुढे जाऊन विचार करावा लागतो. झाकणावर कारखान्याची खूण, बदलता क्रमांक, स्कॅन होणारा कोड, झाकणं कुणाला किती दिली याचा हिशेब. लग्नातल्या थंड पाण्याच्या कॅम्परला तर सीलच नसतं. कुणीतरी लातूरच्या, नांदेडच्या पोरानं याच्यावर काम करावं असं मला फार वाटतं.

आणखी एक गोष्ट, जी मुंबईत बसलेल्या कुठल्याही डिझायनरला सुचणार नाही. आपला शेतकरी औषध झाकणानं मोजतो. "एका पंपाला दोन झाकणं." विष हातावर सांडतं ते तिथे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. त्याची कारणं अनेक होती, झाकण त्यांतलं एकमेव नव्हतं. पण जे झाकण बाटली असली असल्याची खूण देतं, माप नेमकं देतं, हातावर थेंब येऊ देत नाही, आणि कोनाड्यात ठेवलेली बाटली चार वर्षांच्या लेकराला उघडू देत नाही, असं एकच झाकण बनवणं हा किती मोठा प्रश्न आहे! दाबून फिरवायचं बालसुरक्षित झाकण १९६७ मध्ये कॅनडातल्या विंडसर गावी एका बालरोगतज्ज्ञानं, हेन्री ब्रो यांनी पुढे आणलं. औषधं गिळून विषबाधा झालेली मुलं बघून ते हैराण झाले होते. डॉक्टर होऊनच लोकांचे प्राण वाचवता येतात असं सांगणाऱ्या पालकांना मी हे उदाहरण देतो. त्या डॉक्टरनंही शेवटी उत्तर शोधलं ते झाकणात.

झाकणाला मर्यादा आहे, तीही सांगतो. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीननं चौदा रुग्ण गेले. तिथे विष आधीपासूनच आत होतं. सील फक्त एवढंच सांगतं की कारखान्यानंतर कुणी हात लावला नाही. कारखान्यात काय भरलं ते सांगत नाही. हे ज्याला कळतं तो माणूस कंपनीत खरं बोलू शकतो.

शिकायचं कुठे? दहावीनंतर थेट यायचं असेल तर छत्रपती संभाजीनगरला दोन दारं आहेत. चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत सिपेट, जिथे प्लास्टिक तंत्रज्ञान आणि प्लास्टिक मोल्ड यांचे तीन वर्षांचे डिप्लोमा आहेत. आणि इंडो-जर्मन टूल रूम, जिथे साचे घडवायला हातानं शिकवतात. माझं मत विचाराल तर झाकणाचा खरा मालक साचा करणारा असतो. आपल्याच लातूरच्या पुरणमल लाहोटी तंत्रनिकेतनातून किंवा नांदेडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून मेकॅनिकल डिप्लोमा करूनही या वाटेवर येता येतं. आयटीआयमध्ये टूल अँड डाय मेकरचा ट्रेड असतो; त्याला कमी लेखणाऱ्या पालकाला मी चहा देत नाही.

नीट हुकलेल्या मुलांनी हे नीट वाचावं: बी.एस्सी. किंवा बी.फार्म. करून भारतीय पॅकेजिंग संस्थेत पदव्युत्तर डिप्लोमा करता येतो. ही केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाची संस्था १९६६ साली सुरू झाली; ती मुंबईत अंधेरीला आहे आणि तिचं एक केंद्र हैदराबादलाही आहे. नांदेडकराला हैदराबाद मुंबईपेक्षा जवळ, रात्रीची गाडी आहे, आणि प्लास्टिकच्या डब्या-बादल्यांचे मोठे कारखानेही त्या शहराभोवती आहेत. परभणीच्या कृषी विद्यापीठात १९७६ पासून अन्नतंत्र महाविद्यालय आहे. रसायनात रस असेल तर मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचं मराठवाडा उपकेंद्र जालन्याला आहे. चित्रकलेचा हात असेल तर आयआयटी मुंबईची युसीड परीक्षा द्या, तिथून औद्योगिक डिझाइनला जाता येतं. अभियांत्रिकीनंतर आयआयटी रुरकीमध्ये पॅकेजिंगचं एम.टेक. आहे. पात्रता आणि तारखा त्या-त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतच बघा; व्हॉट्सॲपवर आलेल्या कागदावर विश्वास ठेवू नका.

काम कसलं असतं तेही आधीच ऐका. सुरुवात बहुधा मोल्डिंगच्या शॉपवर, पाळीत, गरम प्लास्टिकच्या वासात आणि आवाजात. गाव सोडावं लागेल: दमण, सिल्वासा, भिवंडी, हैदराबाद. सुरुवातीचा पगार सॉफ्टवेअरपेक्षा कमी. पहिली दोन वर्षं तुम्ही दुसऱ्यानं काढलेल्या झाकणाचे दोष मोजाल: टॉर्क, गळती, उंचावरून टाकून चाचणी. नंतर, हात आणि डोळा तयार झाला की, स्वतःची रचना. तिची नोंदणी करता येते, डिझाइन कायद्याचं संरक्षण आधी दहा वर्षं आणि वाढवून आणखी पाच. आणि हा विषय शिळा होत नाही. युरोपीय संघात ३ जुलै २०२४ पासून तीन लिटरपर्यंतच्या पेयांच्या प्लास्टिक बाटलीचं झाकण उघडल्यावरही बाटलीला जोडलेलंच राहिलं पाहिजे असा नियम लागू झाला. एका ओळीच्या नियमानं इतक्या देशांतली पेयांची झाकणं नव्यानं आखायला लावली. ते काम माणसांनीच केलं.

आता पालकांशी. हा भाग कडवट लागला तर लागू द्या.

मागच्या वर्षी एक वडील मुलीला घेऊन आले होते. मुलीचं बी.एस्सी. रसायनशास्त्र, गुण चांगले, तिनं स्वतः पॅकेजिंगची माहिती काढून आणली होती. वडील म्हणाले, "हैदराबादला एकटी कशी पाठवू सर? जमाना खराब आहे." मी विचारलं, "दोन वर्षं लातूरला क्लाससाठी रूमवर एकटीच होती ना?" ते म्हणाले, "ते डॉक्टरकीसाठी होतं." म्हणजे अडचण शहराची नव्हती, जमान्याचीही नव्हती. सोयरिकीत सांगायला डॉक्टर हा शब्द होता, झाकणाला शब्द नव्हता. मुलगी खाली बघत बसली होती. मी त्यांना तोंडावर सांगितलं की तुम्ही मुलीला सुरक्षित ठेवत नाही आहात, तुम्ही स्वतःचा मान सुरक्षित ठेवताय. ते रागावून गेले. मला त्याचा पश्चात्ताप नाही.

शेत गहाण टाकून फी भरणाऱ्या बापाचं दुःख मला कळतं, मी त्याच घरातून आलोय. पण ती फी तुम्ही भरली आहे म्हणून लेकराचं नाही म्हणण्याचं तोंड बंद होत असेल, तर ती फी नाही, दाब आहे. "आम्ही तुला काही बोलत नाही, तुझं तू ठरव," असं म्हणून जेवताना ताटावर उसासा टाकणं हाही दाबच. मुलं उसासे मोजतात. रात्री एक वाजता फोन करून "सर, घरी सांगू नका" म्हणत रडणारी मुलं मी ऐकली आहेत. जेवण तोडलेलं, झोप गेलेली, बोलणं कमी झालेलं दिसलं तर करिअरचा विषय त्याच क्षणी थांबवा आणि आधी डॉक्टरकडे न्या. क्लासची फी परत मिळो न मिळो, लेकराला घरी आणा.

अहमदपूरचा तो मुलगा तीन आठवड्यांनी आला. या वेळी एकटाच. पिशवीतून त्यानं माझ्या टेबलावर झाकणं ओतली: तेलाच्या कॅनचं, फिनाइलचं, काकांच्या तणनाशकाचं, सर्दीच्या औषधाचं, दोन जारची. जारचं एक झाकण उचलून म्हणाला, "सर, गरम पाण्यात धरलं की ही पट्टी न फाटता निघते. आणि परत बसते. बघा." त्यानं निघालेली पट्टी माझ्यासमोर पुन्हा बसवून दाखवली. मला खरंच फरक कळला नाही. मी विचारलं, मग तू काय केलं असतंस? त्यानं खिशातून वहीचं घडी घातलेलं पान काढलं. चित्र वेडंवाकडं होतं, ब्रिज चुकीच्या जागी होते, पण क्रम बरोबर होता: आधी काय तुटणार, मग काय.

वडिलांना अजून त्यानं सांगितलेलं नाही. पुढच्या शनिवारी ते दोघे येणार आहेत. मी वडिलांना निरोप दिलाय, पहिला अर्धा तास त्यांनी फक्त ऐकायचं, आणि घरून येताना जारचं एक न उघडलेलं झाकण सोबत आणायचं.